दोघांची एकच चौकट

याकुपाम्बा
२ ऑक्टोबर

भावी उपाध्यक्षीणबाई,

तुझा फोन आता तुझ्या हातात नसतो, हे काल कळलं. कुणी पोरगी बोलली, आवाज अगदी मधात घोळलेला. "मॅडम मीटिंगमध्ये आहेत, आपण कोण?" मी म्हटलं, तिची थोरली बहीण देल्फिना. तर विचारते, कुठल्या जिल्हा समितीकडून? म्हणून हे पत्र. बटाट्यांच्या पोत्यात घालून बसवाल्याकडे देतेय. पोतं तरी तू स्वतःच्या हाताने सोडशील, एवढं अजून शिल्लक असेल असं धरून चालते.

आम्हाला रेडिओवर कळलं बरं का. सख्ख्या बहिणीला रेडिओवर कळलं. मी शेंगा सोलत होते, आई चुलीपाशी सातू भाजत होती, क्लेवेर दारात बूट धूत होता. रेडिओवाला म्हणाला, "रोमुलो लान्दिवार यांनी उपाध्यक्षपदासाठी डोंगरातल्या चिम्बोरासो प्रांताच्या शिक्षिका मार्गोत पिलामुंगा यांना जोडीला घेतलं आहे." आईने टाळ्या वाजवल्या. तिला हल्ली निम्मंच ऐकू येतं, तिने तेवढं तुझंच नाव ऐकलं. क्लेवेर उठला, रेडिओ बंद केला आणि परत जाऊन तोच धुतलेला बूट धुवायला लागला.

मी अडाणी आहे, मला नीट सांग. हा लान्दिवार म्हणजे तोच ना? आपण पाण्यासाठी बंद पुकारला होता तेव्हा गृहमंत्री होता तोच? माझ्या पोराचा डावा डोळा गेला, त्याच्या दुसऱ्या दिवशी टीव्हीवर येऊन म्हणाला होता, की पोलिसांनी छर्रे मारलेच नाहीत, त्या पोराला त्याच्याच माणसांचा दगड लागला? "त्या पोराला" म्हणाला. नाव घ्यायचीसुद्धा तसदी घेतली नाही त्याने.

क्लेवेरला तू घेऊन गेली होतीस. एकोणीस वर्षांचा होता. मी म्हणत होते, पेरणी तोंडावर आलीय, त्याला राहू दे. तू म्हणालीस, पाणी सगळ्यांचं आहे ताई, पोरंही सगळ्यांची. आणि मग पुलापासून खालच्या दवाखान्यापर्यंत तूच त्याला पाठीवर आणलंस, तुझी शाल रक्ताने थबथबली होती. तेही मी विसरले नाही. विसरले असते तर आज विचारायला बसले नसते.

त्याला तू कशाला हवीस ते मला समजतं. किनाऱ्याकडचा माणूस अध्यक्षपदाला उभा राहिला की डोंगरातलं कुणीतरी शेजारी उभं करायचं, हे आज्याच्या वेळेपासून चालत आलंय. आणि तू तर डोंगरातली, त्यात बाई, त्यात टोपी-शालवाली, त्यात बंदची पुढारी. एका पोत्यात चार माल पडले त्याच्या. पण तुला तो कशाला हवा? एवढंच लिही. बाकी खुशाली नको.

देल्फिना


४ नोव्हेंबर

मार्गोत,

तुझं पत्र मिळालं. मी दोनदा वाचलं, आईला वाचून दाखवताना निम्मं गाळलं आणि क्लेवेरला दिलंच नाही.

तू लिहितेस, बाहेर उभं राहून इतकी वर्षं ओरडले, कुणी ढुंकून पाहिलं नाही, आता आत जाऊन दार उघडता आलं तर बघते. लिहितेस, त्याने शब्द दिलाय. निवडून आल्यावर पहिल्याच महिन्यात टीव्हीवर बसून सांगेल, की तो दगड नव्हता, पोलिसांचा छर्रा होता, आणि बंद पडलेली चौकशी उघडेल. शब्द कुठे दिला? बंद खोलीत, कॉफी पिताना. साक्षीला कोण? तू.

निवडून आल्यावर का ग? आत्ता काय त्याच्या तोंडाला कुलूप लागलंय? तू म्हणशील, आत्ता बोलला तर किनाऱ्यावरची पोलिसवाल्यांची मतं जातील. म्हणजे माझ्या पोराच्या डोळ्यावर हा मतं तोलत बसणार, आणि तराजू धरायला तू.

पण खोटं कशाला बोलू. पत्र घडी करून ठेवलं आणि रात्रभर तेच डोक्यात. मला भरपाई नको. लान्दिवारची माणसं मागे एकदा आली होती, क्लेवेरला बंदरात शिपायाची नोकरी देतो म्हणत होती, मी कुत्रं सोडलं अंगावर. मला त्या माणसाच्या तोंडून दोन शब्द हवेत: दगड नव्हता. गुआमोतेच्या बाजारात अजून कुणीतरी क्लेवेरला विचारतंच, तूच ना तो, आपल्याच लोकांचा दगड लागलेला? तो मेंढ्या विकायला जायचा बंद झालाय त्यापायी. माझा मुलगा खोटा ठरलाय मार्गोत. डोळा गेला ते गेलंच, वर खोटा ठरलाय.

परवा मृतांच्या दिवशी आम्ही कबरीवर गेलो. जांभळी पेज केली होती, पावाच्या बाहुल्या केल्या होत्या. आईने बाबांच्या कबरीशी बसून मोठ्या आवाजात सांगितलं, तुमची धाकटी आता देशाची उपाध्यक्ष होणार. शेजारच्या कबरीवरच्यांनी ऐकलं. बायकांनी येऊन आईच्या हातावर हात ठेवला. पुरुषांनी टोप्या खाली ओढल्या. आपल्या गावसभेचे प्रमुख ताइता लिसार्दो तर मला एवढंच म्हणाले, की तुझ्या बहिणीला सांग, गावाचं नाव गावाला विचारून वापरायचं असतं.

माझं तर इकडे आड, तिकडे विहीर.

देल्फिना


१७ फेब्रुवारी

मार्गोत,

तुझा लान्दिवार दुसऱ्या फेरीत गेला. अभिनंदन करू का?

पहिल्या फेरीत गावाला काही जड गेलं नाही. डोंगरातला आपला उमेदवार उभा होता, गावसभेने त्यालाच द्यायचं ठरवलं, सगळ्यांनी त्यालाच दिलं. तुझ्याविषयी कुणाला तोंड उघडावं लागलं नाही. तो पडला. आता उरले दोघं, तुझा लान्दिवार आणि किटोचा तो वकील साल्व्हातिएर्रा. आता खरी पंचाईत.

आपला चुलतभाऊ इग्नासियो ग्वायाकिलहून आला होता. तिथल्या बाजारात हमाली करतो, तुला ठाऊक आहे, त्याचे कान चारी दिशांना असतात. म्हणाला, तिकडे तुझं एकही पोस्टर नाही. पांढरा शर्ट घालून तो एकटाच हसतोय भिंतींवर. त्याच्या लोकांना कुणी विचारलं, की अहो, जोडीला ती बाई आहे ना? तर म्हणतात, ती डोंगरासाठी आहे. मासेवाल्या बायका म्हणतात, याचं काही बरंवाईट झालं तर ती टोपीवाली बसणार की काय खुर्चीत? रियोबाम्बाच्या रेडिओवर एक प्रोफेसर आले होते, त्यांनी शांतपणे सांगितलं, की दुसऱ्या नंबरावर कोण आहे ते बघून कुणी मत देत नाही, पण ते बघून मत काढून मात्र घेतात. मी रेडिओला म्हटलं, वा रे शहाणा, हे मी ऑक्टोबरात सांगितलं होतं.

आणि इथे? इथे नुसती तूच. पक्षाची जीप येऊन शाळेच्या भिंतीला, चॅपेलच्या फाटकाला, इतकंच काय, आपल्या मामा हुआना आजीच्या डुकरांच्या गोठ्यालाही तुझा चेहरा डकवून गेली. लाल शाल, टोपी, आणि खाली ठसठशीत, "मार्गोत, आपली." त्याचं नाव कुठेतरी कोपऱ्यात, मुंगीएवढ्या अक्षरात, म्हातार्‍यांना वाचता येत नाही ते बरं. पोरांनी दोन-तीन पोस्टरांना चिखल फासला. बायकांनी ओल्या फडक्याने पुसून काढला.

नदीवर बायका म्हणत होत्या, आम्ही मार्गोतला देणार. मी म्हटलं, अगं बायांनो, मत तिला नाही, त्याला जातं, ती मागच्या बाकावर बसते. मामा हुआना म्हणाली, "पोस्टरवर तर तीच आहे." आता बोल. पालथ्या घड्यावर पाणी.

आईचे गुडघे पार गेलेत. रोज विचारते, येणार आहे का. मी सांगते, प्रचारात आहे. ते तरी खरं आहे.

देल्फिना


२४ मार्च

मार्गोत,

शनिवारी रियोबाम्बाच्या सभेला मी होते. क्लेवेरही होता, मला न सांगता आला होता. मी केळ्यांच्या गाडीआड उभी होते आणि तो अगदी पुढे, मंचाच्या डाव्या अंगाला. तू त्याला पाहिलंस. नाही म्हणू नकोस, तुझी मान तशी वळलेली मी लहानपणापासून ओळखते.

लान्दिवारने आपल्या पुरुषांसारखा लाल पोंचो घातला होता. घडीच्या खुणा तशाच होत्या त्यावर. तू काहीतरी आपल्या बोलीत म्हणालीस, लोक हसले, त्याला कळलं नाही म्हणून तो जास्तच मोठ्याने हसला. तोवर बरं चाललं होतं. मग त्या पत्रकार मुलीने खालून विचारलं, बंदच्या वेळी एका मुलाचा डोळा गेला, तो या जिल्ह्यातला होता, आज काय म्हणाल? मी गाडीची दांडी घट्ट धरली. म्हटलं, आता. आता म्हणेल. निवडून येईपर्यंत कशाला थांबतोय, आता म्हणेल आणि मोकळा होईल.

तो म्हणाला, जुन्या जखमा उकरून देश पुढे जात नाही. आणि हसत हसत माईक तुझ्या हातात दिला. म्हणाला, मार्गोतच सांगेल, ती तिथे होती.

तू होतीस ना तिथे? तुझ्या पाठीवर होता ना तो? मग तू म्हणालीस,

"तपास अजून पूर्ण झालेला नाही."

लोकांनी टाळ्यासुद्धा वाजवल्या. कशाला वाजवल्या त्यांनाच ठाऊक.

क्लेवेर माझ्या आधी घरी पोचला. जेवला. रविवारी दिवसभर लाकडं फोडत राहिला, पुढच्या दोन हिवाळ्यांना पुरतील एवढी. आईने विचारलं, मावशी भेटली का रे? तो म्हणाला, भेटली. आईला बरं वाटलं, तिने त्याला तुझ्याबद्दल आणखी विचारलं, काय नेसली होती, वाळली का, जेवते का वेळेवर. त्याने सगळ्याची उत्तरं दिली. मी आत जाऊन शालीचा बोळा तोंडात कोंबून रडले.

तुला शिव्या द्यायला बसले होते. कुठली मेली येत नाहीये आता.

देल्फिना


९ एप्रिल

मार्गोत,

परवा शेजारणीच्या फोनवर तुझा फोन आला, तेव्हा मी नीट बोलले नाही. ती कानाशी कान लावून उभी होती.

तू रडलीस. मला रडू आलं नाही, आधीच संपलं होतं. तू म्हणालीस, ताई, मी एवढा घास गिळला तो याचसाठी, आता मध्येच ओकून टाकला तर सगळंच गेलं. म्हणालीस, त्याने परत शब्द दिलाय, या वेळी त्याच्या बायकोसमोर. तो जिंकला तरच होईल ग, हरला तर क्लेवेरचा दगड कायमचा दगडच राहील, दुसरा कुणी ती फाईल उघडणार नाही. साल्व्हातिएर्राला बंदशी काय देणंघेणं? एवढं मला पटलं. पटलं म्हणून तुला क्षमा केली असं समजू नकोस.

काल गावसभा झाली. लिसार्दो म्हणाले, ज्याने आपल्या पोराचा डोळा काढला त्याला या गावातून एकही मत जाणार नाही, मग त्याच्या शेजारी कुणी का उभं असेना. साल्व्हातिएर्राला द्यायचं. हात वर करा. पुरुषांचे वर गेले. मग बायकांचे, जरा उशिरा, पण गेले. क्लेवेर भिंतीला टेकून उभा होता. तो माझ्याकडेच बघत होता.

मी हात वर केला. मला आणखी काही विचारू नकोस.

दे.


१५ एप्रिल

न्यान्या,

कित्येक महिन्यांनी तुला बहीण म्हणून हाक मारतेय, म्हणजे समज काय ते.

निकाल तुला माझ्याआधी कळला असेल. हरलात. थोडक्यात हरलात म्हणतात. तुझ्यामुळे किनाऱ्यावरची गेली आणि त्याच्यामुळे डोंगरातली आली नाहीत, असं कालपासून रेडिओवर दळण चाललंय. त्याच्या लोकांनी तुझ्या नावाने बोटं मोडायला सुरुवात केलीच असेल. गरज सरो, वैद्य मरो. पण याकुपाम्बाचे आकडे बघून तू काय समजशील त्याची मला धास्ती वाटली, म्हणून घाईने लिहितेय. तू समजशील, गावाने मला टाकलं. तसं झालेलं नाही. ऐक.

पुरुष आपल्या वेगळ्या टेबलावर मत देतात, तिथे ठरल्याप्रमाणे झालं, साल्व्हातिएर्राला सगळी. आम्ही बायका आमच्या टेबलाच्या खिडकीशी मोजणी बघायला उभ्या राहिलो. आत गुआमोतेची एक कॉलेजातली पोरगी प्रमुख होती, चष्मा, नखं रंगवलेली, पण कामाला सरळ. ती एकेक मतपत्रिका उघडायची, आम्हाला दिसेल अशी वर धरायची आणि ओरडायची. पहिल्या दोन-चार साल्व्हातिएर्राच्या निघाल्या. मग एक वर धरली आणि ती ओरडलीच नाही.

तुला माहीत आहे ना पत्रिका कशी असते, तुमचे दोघांचे फोटो शेजारी शेजारी आणि खाली दोघांची मिळून एकच चौकट. त्या पत्रिकेवर लान्दिवारचं तोंड पेनने खरडून काळं केलं होतं. आणि चौकट कोरी सोडून, तुझ्या फोटोवर, टोपीच्या वर, एक खूण. ठळक, नीट.

पोरगी म्हणाली, बाद. पुढची उघडली. तीही तशीच. तिच्या पुढची पण. कुणी त्याचे नुसते डोळे खरडले होते, कुणी अख्खा चेहरा, एकीने त्याला शिंगं काढली होती. आणि तुझ्या फोटोवर सगळ्यांची खूण. गावसभेत हात वर केलेल्या बायका ग त्या. घरी कुणी कुणाला काही बोललं नव्हतं. नवऱ्यांना तर नाहीच. पोस्टरवर तू एकटी होतीस, तर पत्रिकेवर तुला एकटी करून घेतली त्यांनी. आत ओरडणं चालू, बाद, बाद, बाद. बाहेर बायका एकमेकींकडे बघतायत आणि हळूहळू त्यांना कळतंय, की सगळ्यांनी तेच केलंय.

मामा हुआनाने खिडकीच्या गजांना धरून विचारलं, "पोरी, बाद काय? आम्ही आमच्या मुलीला दिलंय, स्वच्छ दिसतंय की."

"आजी, चौकट दोघांची एकच आहे," ती म्हणाली. "अर्धं मत नसतं."

साल्व्हातिएर्राचा माणूस आत खुर्ची टाकून बसला होता, तो मान डोलावत होता. तुमच्या पक्षाचा माणूस नव्हताच. डुकरांच्या गोठ्याला पोस्टर लावायला जीप आली, पण मोजणीला भांडायला एक माणूस पाठवला नाही तुमच्या लोकांनी. दुसरा कुणी असता तर निदान वाद तरी घातला असता, की बाईंच्या मनात काय होतं ते दिसतंय. मी घालू शकत होते. बहीण म्हणून गप्प बसले. आणि दुसरंही एक कारण होतं.

तळाशी एक पत्रिका निघाली. कुठे खरड नाही, शिंगं नाहीत. चौकटीत सरळ फुली. पोरगी ओरडली, लान्दिवार, एक.

बाद झालेल्या सगळ्या तुझ्या होत्या. ही एकटी त्याची होती. बायका एकमेकींच्या तोंडाकडे बघायला लागल्या. मामा हुआना म्हणाली, ही कोण सटवी, जिला आपल्या क्लेवेरचा डोळा दिसला नाही?

पण तुला त्यांनी टाकलं नाही, हे मनावर लिहून ठेव. मतं मन भरून दिली तुला, फक्त कामाची दिली नाहीत.

देल्फिना


२५ मे

न्यान्या,

तुझी दोन पत्रं आली. उत्तर द्यायला हात उचलत नव्हता. तू लिहितेस, मी आता कुठे तोंड दाखवू. दाखव कुठेही. इकडे सध्या माझंच तोंड कुणी बघत नाही.

ते एक मत. गावाने आठवडाभरात निकाल लावून टाकला होता, की ते आईचं. म्हातारी, दिसत नाही, हात कापतो, फुली चुकून चौकटीत पडली असणार. बायका येऊन तिची समजूत घालायच्या. जाऊ द्या हो आजी, तुम्ही मुद्दाम थोडंच केलंत. कुणी अंडी आणली, कुणी गुळाची ढेप. मी चुलीपाशी बसून ऐकायचे. म्हणायचे, चला, निभावलं.

आईला मात्र ते लागलं. आधी ती हसली. मग चिडली. मग रोज येईल त्याला सांगायला लागली, की मी त्या मेल्याचं तोंड इतकं खरडलं, इतकं खरडलं, की कागद फाटला, टेबलावर रेघ उमटली, जाऊन बघा. माझ्या नातवाच्या डोळ्यासाठी खरडलं मी. लोक हो हो म्हणायचे, एकमेकांकडे बघून मान हलवायचे. त्यांच्या त्या हो हो ने ती खचली ग. जेवणावरून उठायला लागली. परवाच्या रविवारी क्लेवेरचा हात धरून रडायला लागली, तू तरी विश्वास ठेव रे माझ्यावर, मी नाही दिलं त्याला. क्लेवेर तिच्या पाठीवरून हात फिरवत होता, म्हणत होता, आजी, ठेवलाय विश्वास. पण आवाज लोकांसारखाच होता, म्हातारीची समजूत घालणारा. ते आईला कळलं. मलाही कळलं.

मी म्हटलं, ते मत माझं होतं.

आईला ऐकू गेलं की नाही कोण जाणे. क्लेवेरला गेलं. मी त्याला सगळं सांगितलं, तुझं पत्र, तुझा फोन, लान्दिवारचा शब्द. म्हटलं, बाकीच्यांनी रागाने खरडलं, प्रेमाने खूण केली, सगळी कचऱ्यात गेली. मला काय करायचंय तुझ्या मावशीच्या खुर्चीशी, मला तुझं खरं करून घ्यायचं होतं. त्या एका वाक्यासाठी मी त्या चौकटीत फुली मारली. बाहेर एक रेघ जाऊ दिली नाही. मत कामाला यावं म्हणून.

त्याने सगळं ऐकून घेतलं. रागावला असता तर बरं झालं असतं, भांडी फेकली असती तरी चाललं असतं. तो एवढंच म्हणाला,

"आई, मग तूपण म्हण ना, की दगडच होता."

मी म्हटलं, असं कसं रे म्हणू. तो म्हणाला, त्याला मत देऊन खरं विकत घ्यावं लागतं, तर ते खरं राहिलंच कुठे. आणि मावशी चुकली म्हणून तू इतके महिने तिला पत्रांतून फाडत होतीस, तूही शेवटी त्याच मंचावर जाऊन उभी राहिलीस, फक्त पडद्याआड.

याला काय म्हणायचं ते तुला सुचलं तर लिही. मी चुकले असं मी म्हणणार नाही, त्याच्यासमोरही म्हटलं नाही. पुन्हा तसाच कागद समोर आला तर पुन्हा तीच फुली मारेन. पण तो बरोबर बोलला, आणि दोन्ही एकाच वेळी कसं खरं असतं ते मला समजत नाही.

सोमवारी सकाळी तो गेला. दोन शर्ट आणि पोंचो. मामा हुआनाच्या नातवाला म्हणाला, ग्वायाकिलला जातो, कोळंबीच्या कारखान्यात काम मिळतं, तिकडे कुणी ओळखत नाही. मला काही म्हणाला नाही. आजीचा आशीर्वाद घेऊन गेला. आता मात्र आई रोज दोघांचं विचारते, आणि मी दोघांसाठी एकच थाप मारते, येतील.

आईवरचा आळ जावा म्हणून मी नदीवर बायकांनाही सांगून टाकलं, तेव्हापासून गाव माझ्याशी बोलत नाही. पाण्याची पाळी देतात, बोलत नाहीत. त्याचं मला फार नाही वाटत. ज्यांनी खरडलं त्यांचा राग रास्त आहे.

हे पोतं तुझ्या जुन्या पत्त्यावरच पाठवतेय. बटाटे यंदा बारीक आहेत. क्लेवेर रागाने तुझ्याकडे येणार नाही हे मला माहीत आहे, पण पोटाची आग वाईट असते, आणि इग्नासियो सोडला तर घराबाहेर त्याचं तुझ्याशिवाय कुणी नाही. आलाच तर दारात काही विचारू नकोस, माझं नाव काढू नकोस, आधी जेवायला वाढ. आणि ताट त्याच्या उजव्या हाताला ठेव. डावीकडचं त्याला दिसत नाही, आणि तो मागून घेणार नाही.

देल्फिना